बस आली, थांबा गेला

भिंगरीला आत्याला आणायला विमानतळावर एकटीने जाऊ द्यावं की नाही, यावर घरात जेवढा काथ्याकूट झाला, तेवढा आत्याच्या लग्नाच्या वेळीही झाला नसेल. बाबा म्हणत होते, टॅक्सी करा. भिंगरी म्हणत होती, विमानतळाच्या दारातून निघणारी बस आपल्या घरासमोर थांबते, मग टॅक्सीची मिजास कशाला? खरी गोम वेगळीच होती. पुढच्या आठवड्यात सगळ्या मैत्रिणी समुद्रावर निघाल्या होत्या आणि "आत्याला बसने धड घरी आणलंस तर बघू," असं बाबा बोलून बसले होते. त्या 'बघू'ला भिंगरी घट्ट धरून लोंबकळत होती.

आत्या उतरली ती दोन बॅगा आणि अखंड गप्पा घेऊन. पाठ केलेल्या नंबरची बस समोरच उभी. भिंगरीने बॅगा आत रेटल्या, खिडकी आत्याला दिली आणि घरी फोन करून ऐटीत कळवलं, की तुम्ही फक्त बॅगा उचलायला थांब्यावर या.

बस जी सुटली ती सुसाटच. मधला एकही थांबा नाही. आज नशीब भलतंच जोरावर आहे, असं मनात म्हणत भिंगरी घराजवळचं औषधांचं दुकान दिसताच बॅग धरून दाराशी गेली. थांब्यावर आई ठेवणीतले कपडे घालून आणि बाबा बाह्या सरसावून उभे होते. आत्याने हात हलवला. त्यांनीही हलवले. बस तशीच पुढे गेली. बाबांचा हात वरच राहिला.

"उतरायचं नव्हतं का गं?" आत्याने विचारलं.

"उतरायचंय. जरा पुढे."

"पुढे कधी राहायला गेलात तुम्ही?"

कंडक्टरने शांतपणे खुलासा केला. नंबर तोच, पण पाटी लाल म्हणजे जलद गाडी. ती आता एकदम शेवटच्या थांब्यावरच थांबायची. भिंगरीने आकडा पाहिला होता, रंग नाही. आता तिचा स्वतःचाच रंग पाटीसारखा झाला.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. तिथेच थांबा, आम्ही न्यायला येतोय, एवढं बजावून त्यांनी तो ठेवूनही दिला. भिंगरीच्या डोळ्यांसमोरून समुद्र निघून चालला. बाबा न्यायला आले म्हणजे संपलंच. तिने उलट फोन लावला, पुन्हा लावला, पण कुणी उचलेना. घाईघाईत बाबा तो घरी टेबलावरच विसरले होते, हे तिला बिचारीला काय माहीत.

शेवटच्या थांब्यावर काळ्या पाटीची गाडी निघायच्या तयारीत होती. भिंगरीने पाटी पाहिली, ड्रायव्हरला विचारलं, मग खात्रीसाठी मागच्या सीटवरच्या आजोबांनाही विचारलं. चार पावलं गेली की थांबणारी ती गाडी एकदाची घरासमोर आली. पण दाराला कुलूप. मग दोघी थांब्यावर येऊन बॅगांवर बसल्या.

"माझा भाऊ लहानपणापासून असाच," आत्या म्हणाली. "निघायची घाई फार. कुठे, ते मागाहून बघतो."

थोड्या वेळाने शेवटच्या थांब्याकडून एक बस धूळ उडवत आली. पाटी लाल. दाराशी बाबा उभे होते, खिडकीत आई. बाबांनी दोघींना पाहिलं आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते मिटायच्या आत गाडी कोपऱ्यावरून विमानतळाच्या दिशेने दिसेनाशी झाली. आत्याने सावकाश हात हलवला.

बऱ्याच वेळाने अनोळखी नंबरवरून फोन आला. कुणा प्रवाशाचा मागून घेतलेला असावा.

"बाळा," बाबांचा आवाज एकदम मऊ झाला होता, "इथून घरी यायला नेमकी कुठली गाडी गं?"

भिंगरीने पाटीचा रंग, थांब्याची बाजू, सगळं नीट समजावलं. बाबांनी सगळं आईला मोठ्याने सांगितलं. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"समुद्रावर बसनेच जाणार ना?"

"हो."

"मग जा तू. फक्त आम्ही कुठे आहोत ते आत्याला सांगू नकोस."

"नाही सांगत हो ती," भिंगरीच्या कानाला कान लावून बसलेली आत्या म्हणाली.