हिराभाईंचं डाखकाम

हिराभाईंच्या मिशीची उजवी बाजू डावीपेक्षा बोटभर आखूड असायची. कापलेली नव्हे, जळलेली. चष्मा लावायला ते तयार नसत आणि धातूचे जोड सांधायला कथलाचा डाख लावायची तांब्याची कांब शेगडीवर लाल करून, तिला नाक टेकेल इतकं वाकून काम करत. मिशी चरचरली की शांतपणे म्हणत, "वाढी जाई."

साठ सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. शहाद्याजवळ तापीकाठच्या एका गावात मी शिक्षक म्हणून गेलो आणि त्यांच्या घराला लागूनच मला खोली मिळाली. हिराभाई पन्नाशीचे, केळी-कापूस घरचा. मनात आणलं असतं तर तयार रेडिओ आणला असता. पण त्यांनी मुंबईहून टपालाने एक खोका मागवला. त्यात तारा, मुगाएवढे तीन पायांचे दोन ट्रान्झिस्टर आणि इंग्रजी कागद. कागद घेऊन ते माझ्याकडे आले.

मी चाळून म्हणालो, "हिराभाई, हा रेडिओ नाही."

"माले ठाऊक शे. तुम्ही जोडनं पान वाचा."

जोडाचं पान मी वाचेपर्यंत त्यांना धीर नव्हता. शहाद्याच्या पत्रे झाळणाऱ्याकडून त्यांनी बाटलीभर तेजाब, म्हणजे ॲसिड, आणलं आणि भराभर डाख लावले. आठवड्यात सगळ्या तारा हिरव्या पडून तुटल्या. मग मी पान वाचलं. तेजाब नको, राळ हवी. आधी तार घासा, ती तापवा, मग कथील लावा.

त्यानंतर महिनाभर त्यांनी सराव केला. घरातला दांडा हलणारा डाव, कंदिलाची कडी, गायीच्या गळ्यातली घंटा, सगळ्याला कथील लागलं. जोड झाला की तो ओढून बघायचा आणि समोरच्यालाही ओढायला लावायचं. "ओढी दखा," हे त्यांचं पालुपद. पुढे पुढे हाताला इतकी सवय लागली की ते बोलता बोलता माझ्या सदऱ्याची बटणंही ओढून बघत. दोन बटणं मी अशी गमावली.

गावाने मात्र ठरवून टाकलं होतं की हिराभाई रेडिओ करतायत. पारावर विचारणा होई, "गाना कधी वाजतीन?" ते नुसते हसत.

दोनपैकी एक ट्रान्झिस्टर डाख लावताना उष्णतेने गेला. हिराभाई तो तळहातावर घेऊन बसले. "मरी गया ना, गुरुजी." घरात कुणी गेल्यासारखे ते दोन दिवस शेगडीकडे फिरकले नाहीत. त्याच्या जागी मुंबईहून नवा यायला महिना लागला. या वेळी मी त्याचा पाय चिमट्यात धरला, म्हणजे उष्णता चिमट्यात जाते असं कागदात होतं. हिराभाईंनी श्वास रोखून डाख लावला. जोड चकचकीत उतरला. पहिल्यांदाच त्यांनी तो ओढून पाहिला नाही.

मग ते उठले आणि स्वयंपाकघरातून पत्नीला, जमनाबाईंना, घेऊन आले. बाईंना आठ वर्षांपासून ऐकू येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. हिराभाई त्यांच्याशी बोलत ते ओरडूनच, मानेच्या शिरा ताठ करून. भरताला तेल कमी पडलं, हिराभाईंचं पोट बिघडलं, सगळं गल्लीला कळायचं. जमनाबाईंनी हळूहळू बायकांत बसणं सोडलं होतं.

खोक्यातला ऐकायचा गोल तुकडा त्यांनी बाईंच्या कानाला लावला, बोलायचा भाग स्वतःच्या तोंडाशी धरला, आणि मी शेजारी असूनही जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "जमना, जेवनी का तू?"

जमनाबाई दचकल्या. कान दाबून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या त्या नेहमीच्या, सगळ्या गल्लीला जाणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "असा हळू बोलतस तुम्ही? इतला वरीस माले वाटे, तुम्ही मन्हावर संतापेलच शेतस."

 हिराभाई वाकून त्यांच्या कानावरचा तुकडा नीट बसवत राहिले. तो आधीच नीट बसला होता.