लिमयेकाकूंचं क्रियापद

पहिल्या भेटीत लिमयेकाकू मला म्हणाल्या, "थांब हं, आलो."

दार बंद होतं. आवाज बाईचा होता आणि क्रियापद पुरुषाचं. त्यांच्या बहिणीने पुण्याहून पाठवलेला गोडा मसाला हातात घेऊन मी क्योतोतल्या त्या जुन्या इमारतीच्या जिन्यात उभा होतो. आत दोन माणसं असावीत असं मी धरून चाललो. दार उघडलं. साडीवर पुरुषी तपकिरी कोट घातलेल्या, जेमतेम माझ्या खांद्याला लागणाऱ्या एक बाई समोर आल्या. कोटाच्या बाह्या दोनदा दुमडलेल्या होत्या. मी त्यांच्या मागे बघायला लागलो.

"कुणाला शोधतोस?"

"काका आहेत ना आत?"

"ते वारले. ये, चपला डावीकडे काढ."

चहा होईपर्यंत मी पुरता गोंधळलो. काकू सांगत होत्या, "काल मी ग्रंथालयात गेलो होतो. दुपारपर्यंत वाचत बसलो. मग गुडघ्याने असहकार पुकारला, म्हणून बसने परत आले. येताना मुळ्याचा पाला ताजा दिसला, तो घेऊन आले." एकाच दमात बाई पुरुष होऊन ग्रंथालयात जात होती आणि भाजी घेऊन बाई होऊन परतत होती. इथे जन्मलेली मराठी मुलं 'माझा आई' म्हणतात, ते आपण चालवून घेतो. पण काकू साताऱ्याच्या. शिवाय लग्नाआधी शाळेत मराठी शिकवायच्या.

पुढे मी त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर खोली घेतली. मी झाडांच्या मुळांवर संशोधन करतो, त्यामुळे हळूहळू खाली उतरत जायची मला सवय आहे. काकूंच्या व्याकरणाच्या मुळाशी पोचायला मात्र हिवाळा उजाडला.

लिमयेसर इतिहासाचे संशोधक. मध्य आफ्रिकेतली जुनी राज्यं, त्यातही आताच्या काँगो देशातलं लुबा लोकांचं राज्य, हा त्यांचा विषय. पुण्याचा माणूस क्योतोत बसून काँगोतल्या राजांवर आयुष्य घालवतो हे ऐकल्यावर पुण्यातले नातेवाईक "आपले राजे संपले का?" असं विचारत. सर म्हणत, "नाही, पण त्यांच्याकडे बघणारे पुष्कळ आहेत."

ते गेल्यावर पहिला महिना काकू गप्प होत्या. मग एक दिवस त्या विद्यापीठातल्या साप्ताहिक चर्चेला सरांचा कोट घालून हजर झाल्या आणि सरांच्या खुर्चीत बसल्या. जपानीत पुरुष स्वतःला 'बोकु' म्हणतात, बायका सहसा म्हणत नाहीत. काकू उठून म्हणाल्या, "बोकुचं मत थोडं वेगळं आहे." सगळे आपापल्या कागदांत बघू लागले. सरांच्या जागी आलेले मोरिता-सान तेवढे कमरेत वाकले. त्यांना कळलं होतं.

मला त्यांनी ते कोतात्सुमध्ये पाय घालून समजावलं. कोतात्सु म्हणजे खाली ऊब आणि वर दुलई असलेलं बुटकं टेबल. त्यात पाय घातला की माणूस निम्मा झोपतोच.

"लुबांचा राजा मेला की त्याचं राज्य नव्याकडे जातं," काकू म्हणाल्या, "पण राजा स्वतः कुठे जाईल? त्याचा आत्मा एका बाईत येतो. तिला म्हणतात म्वादी. ती राजाच्या गावात, राजाच्या घरात राहते. त्याचे मानकरी तिच्यापुढे बसतात. नवा राजा तिला नजराणा पाठवतो."

"बाईच का?"

"जड असतो रे राजा. पुरुषाला पेलत नाही."

"आणि त्याच्या राण्या?"

"त्याही तिच्याच होतात. ते कलम आमच्याकडे लागू नाही."

मग त्यांनी नियम सांगितला. अभ्यास, राजकारण आणि वर्तमानपत्र, हे बोलताना 'आलो, गेलो'. भाजी, गुडघे आणि शेजारी, हे बोलताना 'आले, गेले'. हवामान मधलं होतं, तिथे त्या वाक्य अर्धवट सोडत.

नजराण्याचा प्रश्न जपानने परस्पर सोडवला. इथे वर्षअखेर आणि उन्हाळ्यात वडीलधाऱ्यांना भेटी पाठवायची पद्धत आहेच. मोरिता-साननी पहिल्या वर्षी दुकानातून बिस्किटांचा सुंदर डबा पाठवला. काकूंनी तो परत केला. "नजराणा आपल्या मुलखात पिकतं त्याचा असतो. तुमच्या मुलखात काय पिकतं?" मोरिता-सान विचारात पडले. त्यांच्या मुलखात शोधनिबंध पिकत. पुढच्या खेपेला ते स्वतः आले, गावाकडच्या वडिलांच्या झाडाची पर्सिमॉन फळं घेऊन. काकूंनी ती मान तुकवून घेतली, एक त्यांना कापून दिलं आणि त्यांच्या नव्या निबंधातल्या चुका सांगितल्या. मोरिता-साननी त्या टिपून घेतल्या. चुका खऱ्या होत्या. सरांचं सगळं हस्तलिखित गेली तीस-पस्तीस वर्षं काकूच स्वच्छ करून लिहीत आल्या होत्या, ही गोष्ट तोवर कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

माणसं ओळखायचीही त्यांची एक पद्धत होती. लुबांच्या कथेत आधी एक राजा होऊन गेला, न्कोंगोलो. तांबडा, इंद्रधनुष्याच्या वंशातला, सगळ्यांदेखत खाणारा, खो खो हसणारा, क्रूर. मग पूर्वेकडून एक शिकारी राजपुत्र आला, म्बिदी किलुवे. मितभाषी, अदबशीर, पडद्याआड जेवणारा. आमचे घरमालक ओकुदा-सान रस्त्यातून चालताना भाताचा गोळा खात. काकू खिडकीतून बघून म्हणत, "न्कोंगोलो निघाला." ओकुदा-सान वर बघून हात हलवत. आपल्याला काहीतरी मानाने म्हणतात अशी त्यांची समजूत होती. मी कोणात मोडतो, असं एकदा मी विचारलं. "तू अजून ठरायचा आहेस," काकू म्हणाल्या.

पण काकू खऱ्या रंगात यायच्या त्या पावसाळी दुपारी. पूर्वेकडचे डोंगर धुक्यात विरघळलेले असत आणि काकू मला किसाले सरोवरावर घेऊन जात. लव्हाळ्यांची मुळं एकमेकांत गुंतून तिथे तरंगती बेटं होतात. कोळी त्यांच्यावर झोपड्या बांधतात. रात्री निजलं की सकाळी गाव वेगळ्याच काठाला लागलेलं असतं. "तिथल्या माणसाला 'कुठे राहतोस' असं विचारायचं नाही," काकू डोळे मिटून सांगत. "'आज कुठे आहेस' असं विचारायचं." मुळांचा विषय असल्याने मी जागा राहायचा प्रयत्न करी. पण ऊब पोटऱ्यांतून वर चढे, खालून जाणाऱ्या बसचा आवाज पाण्यासारखा येई, आणि इमारतच सुटून हळूहळू दक्षिणेला निघालीय असं वाटे. त्या दुपारी काकू नेहमी पुल्लिंगात असत. "मी नावेतून उतरलो तेव्हा पाण्यावर पाखरंच पाखरं होती." काकू काँगोला कधी गेलेल्या नव्हत्या. मला हे माहीत होतं. ऐकताना ते आठवत नसे.

पुण्याला त्यांचा मुलगा होता, कौस्तुभ. माझ्याहून बराच मोठा, चाळिशीचा. फोनवर काकू त्याच्याशी फक्त भाजी, गुडघे आणि शेजारी एवढंच बोलत, त्यामुळे त्याला कशाचाच पत्ता नव्हता. एका वसंतात काकू न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मुलाने मनावर घेतलं. तो आईला न्यायला आला.

दुसऱ्या सकाळीच त्याने माझं दार वाजवलं.

"आई आत्ता मला म्हणाली, 'मी जरा चर्चेला जाऊन येतो.' जातो म्हणाली ती. कधीपासून चाललंय हे?"

मी त्याला म्वादीबद्दल जमेल तसं सांगितलं. सांगताना ते जरा विचित्र वाटलं, हे कबूल करतो.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"त्यांचं डोकं उत्तम आहे," मी म्हणालो. "विद्यापीठातली माणसं अजून त्यांच्याकडून निबंध तपासून घेतात."

तो तसाच वर गेला. संध्याकाळी काकूंनी मला जेवायला बोलावलं. मी मध्ये असलो तर भांडण होणार नाही, असा त्यांचा हिशोब असावा. तो चुकला.

"आई, तिकिटं काढलीत. दोघांची," कौस्तुभ म्हणाला.

काकू शांतपणे आमटी वाढत होत्या. "राजाचं गाव हलवता येत नाही. नवा राजा हवं तर नवं गाव वसवतो. जुन्याचं जिथल्या तिथे राहतं. म्वादीला तिथेच राहावं लागतं."

"आई, बाबा गेले."

"ते तू मला सांगतोस? मी होते तिथे."

"आणि मी नव्हतो. तेच म्हणायचंय ना तुला?"

"मी तसं म्हटलं नाही."

"कधीच म्हटलं नाहीस. म्हटलं असतंस तर बरं झालं असतं."

मला तेव्हा कळलं ते असं. सर शेवटच्या आजारात असताना कौस्तुभ दर आठवड्याला 'येतो' म्हणत राहिला. कामातून निघता येईना. आला तो सर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आमटी निवत होती. कौस्तुभ थोडा वेळ बोटाने टेबलाची कड खरवडत बसला. मग खाली मान घालून म्हणाला, "ते तुझ्यात आहेत ना? मग विचार त्यांना."

"काय विचारू?"

"मी वेळेवर पोचलो नाही म्हणून ते रागावले होते का, ते विचार."

मी त्याच्या आवाजात थट्टा शोधली. नव्हती.

काकूंनी चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला, पुन्हा लावला. त्यांनी आवाज बदलला नाही, चेहरा बदलला नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "नाही रे. वाट पाहत होतो, पण रागावलो नव्हतो. माझे वडील गेले तेव्हा मी काँगोत होतो. मला गावात तार पोचायलाच दोन आठवडे लागले. तुझं मला कळत होतं."

चाळीस वर्षांचा माणूस कोतात्सुच्या फळीवर डोकं टेकून रडला. काकूंनी त्याच्या केसांतून हात फिरवला, आणि त्याच्या पानातली निवलेली आमटी उचलून पुन्हा गरम करायला नेली.

त्याने एक तिकीट रद्द केलं. न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले, ओकुदा-सानना तीनदा वाकून नमस्कार केला आणि तो परत गेला.

नंतर एकदा राहवलं नाही म्हणून मी विचारलं, "सर खरंच रागावले नव्हते?"

काकू मुळ्याचा पाला चिरत होत्या. "भयंकर रागावले होते. शुद्ध होती तोवर त्याचं नाव काढू देत नव्हते. वडिलांचं आणि तारेचं मात्र खरं. पण स्वतःवरून दुसऱ्याला माफ करायचं, इतकं त्यांना कधी जमलं नाही."

"मग तुम्ही जे सांगितलंत…"

"खोटं माझं होतं," काकू म्हणाल्या. "क्रियापद तेवढं त्यांचं वापरलं."

तेव्हापासून कौस्तुभचा दर रविवारी फोन येतो. आधी विचारतो, "गुडघा कसा आहे?" आणि मग जरा थांबून, जरा लाजून, "बाबा आहेत का?" काकू कोट अंगावर सारखा करतात आणि बोलतात. नोकरी बदलू का, कर्ज घेऊ का, मुलीला कुठल्या शाळेत घालू. अर्धा अर्धा तास. मोरिता-सानही आले की सरांशीच बोलतात. ग्रंथालयातली बाई सरांच्या नावाने पुस्तकं काढून ठेवते. मीसुद्धा पावसाळी दुपारी वर जायचो तो सरोवरासाठीच.

गेल्या रविवारी मी तिथे असतानाच फोन आला आणि संपला. काकूंनी तो टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या. कोट खांद्यावरून घसरला होता, तो त्यांनी वर घेतला नाही. प्रथमच त्या मला थकलेल्या दिसल्या. जड सामान घेऊन बराच वेळ रांगेत उभं राहिलेलं माणूस थकतं तशा.

मग मी विचारलं, "काकू, त्या आजारपणात तुम्ही पाहत होतात का कौस्तुभची वाट?"

"मी?" असं त्यांनी मला विचारलं. हा 'मी' म्हणजे नेमकं कोण, हे जणू त्यांनाच बघावं लागलं.

"पाहत होते ना," त्या म्हणाल्या. "हे तरी आत झोपून होते. मी ह्यांचं औषधपाणी आटपलं की खाली बसच्या थांब्यावर जाऊन उभी राहायचे. विमानतळाची बस तिथे थांबत नाही, मला माहीत होतं. तरी एक एक बस बघायचे. ड्रायव्हर दार उघडायचा, मी हाताने नाही म्हणायचे, तो टोपीला हात लावून पुढे जायचा. शेवटी शेवटी त्यांनी दार उघडायचं सोडलं. नुसते वेग कमी करायचे."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत कुणाला."

"कुणी विचारलं नाही ना," काकू म्हणाल्या. "म्हणून सांगायचं राहिलं."