उन्हाचं मलम

मुलांनो, अशी कल्पना करा, की एका कपाटात ऊन कोंडून ठेवलंय. तोयामा शहरातल्या एका औषध कारखान्यात असं कपाट होतं. त्यातल्या अतिनील दिव्यांखाली औषधं ठेवायची आणि उन्हानं ती बिघडतात का, ते बघायचं. पण त्याआधी दिवे बरोबर प्रकाश देतात ना, हे मापकाच्या इवल्याशा काचेच्या डोळ्यानं तपासावं लागे.

एके दिवशी मुलांना आईबाबांचं काम पाहायला बोलावलं होतं. मिकिको तोगाशी लेकीला, कोझुएला, घेऊन आली होती. तपासणी आटोपली की दोघी नदीकाठी आतषबाजी बघायला जाणार होत्या.

"अतिनील म्हणजे काळवंडलीसच म्हणून समज," म्हणत मिकिकोनं लेकीला नाकापासून कोपरापर्यंत उन्हाचं मलम थापलं. हात फडक्याला पुसले. त्याच फडक्यानं मापकाचा डोळाही चकचकीत पुसला. पुसल्याशिवाय तिथे कुणी कशाला हात लावत नसे.

आकडा कमी आला.

"दिवा म्हातारा झाला," विभागप्रमुख कुवाबारा म्हणाले. "नवा बसवा."

"नवा म्हणजे जास्त कडक!" मिकिको घाबरली. कोझुएला दुसरा थर दिला, कुवाबारांच्या टकलालाही दिला. पुन्हा हात पुसले, पुन्हा डोळा पुसला.

आकडा आणखी खाली!

"हा दिवा आहे की अंधार पाडायचं यंत्र? दुसराही बदला!"

दुसरा दिवा, तिसरा थर.

"आई, मी तांदळाच्या पिठात घोळलेला मोची-लाडू झालेय!"

आकडा तळाला गेला. "तोगाशीबाई, आज आकडा जुळेपर्यंत घरी जाता यायचं नाही," कुवाबारा म्हणाले.

कोझुएचा चेहरा पडला. रागानं तिनं मापकाला नाक लावलं आणि थबकली.

"आई, यालापण लावलंस? याला मलमासारखाच पीचचा वास येतोय."

मलमाचं काम अतिनील प्रकाश अडवायचं. डोळ्यावर बसूनही ते तेच काम इमानेइतबारे करत होतं!

नव्या फडक्यानं डोळा पुसला, तर आकडा उडी मारून मर्यादेपलीकडे गेला. दोन्ही दिवे कोरे करकरीत ना! कुवाबारांनी भंगारातून जुने दिवे काढून परत बसवले आणि कमरेत वाकून त्यांना म्हणाले, "आजोबा, चुकलो." मग टकलावरून हात फिरवत ते मापकाकडे वळले. "चला, शेवटचं मोजू."

कोझुए आडवी उभी राहिली. "काका, हात दाखवा."

तिनं ते हुंगले आणि नळाकडे बोट दाखवलं.

"साबणानं धुवा! आणि लवकर, आतषबाजी सुरू होईल!"