फणसाखालचा जागेवाला

"मारायला गेलात तरी मरायचं नाय," असं रोपवाटिकेतल्या माणसाने काशीराम शिवगणांना सांगितलं होतं आणि तो माणूस शब्दाला जागला. जूनमध्ये त्यांनी फणसाखाली वेडेलिया नावाच्या वेलीच्या चाळीस कांड्या टोचल्या. नोव्हेंबरात तिथे जमीन म्हणून दिसत नव्हती. गुडघाभर हिरवा गालिचा, त्यावर पिवळी फुलं आणि मध्ये बुंधा. सावलीत, कातळावर, जिथे पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेल्या काशीरामांना साधं अळू जगवता आलं नव्हतं, तिथे हे चाललं होतं.

काशीरामांचा जीव गालिच्यात नव्हता, फणसात होता. गेल्या देवदिवाळीला, म्हणजे २००२ साली, मुंबईहून आलेल्या थोरल्या भावाने परसावात उभं राहून सांगून टाकलं होतं, "काशी, फणस तोडूया. ह्याच्या सावलीत गवत पण उगवत नाय. दोन खोल्या काढू, भाडेकरू ठेवू." थोरल्याचं नाव धाकू होतं, पण घरात धाक त्याचाच होता. काशीरामांनी हातापाया पडून वर्षाची मुदत मागितली. वर्षात तिथे काही फुलवून दाखवलं तर फणस राहील, नाहीतर कुऱ्हाड. निवृत्तीनंतर त्या फणसाखालच्या आरामखुर्चीइतकं सुख काशीरामांना दुसरं कशात मिळालं नव्हतं. ते झाड गेलं असतं तर त्यांना बसायला जगात जागाच उरली नसती.

तर फुलं आली होती, मुदत संपत आली होती आणि उद्या सकाळी धाकूभाऊ देवाला वर्षाची राखण द्यायला येणार होते. काशीराम शनिवारी दुपारी खुर्चीत बसून स्वतःवर खूश होत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोने, सखूवहिनींनी, मागच्या दारातून विचारलं, "अहो, उद्या नारळ कुणासमोर फोडणार?"

"म्हणजे काय? जागेवाल्यासमोर."

"मग तो कुठाय?"

काशीराम उठून उभे राहिले. जागेवाला म्हणजे फणसाच्या मुळाशी असलेला काळा दगड, नारळाएवढा. घराच्या जागेची राखण तो करतो म्हणून वर्षातून एकदा त्याला शेंदूर लावायचा, नारळ द्यायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि वर्षभर विसरून जायचं. ही त्यांच्या घराण्याची रीत होती. कांड्या टोचताना देवाकडे आपण पाहिलं होतं की नाही, हे काशीरामांना काही केल्या आठवेना. तेव्हा पाचोळाही ढीगभर होता.

"असेल की खाली. जातोय कुठं?"

"शोधा मग. मला घावण्याचं पीठ भिजवायचंय. माझा वरवंटा जूनपासून मिळत नाय, तो शोधायला कुणी उठलं नाय. देवाला तरी शोधा."

काशीरामांनी गालिच्यात हात घातला आणि त्यांना खरी अडचण कळली. देव शोधायचा तर वेल उपटायला हवी. वेल उपटली तर भावाला दाखवायला फुलं राहणार नाहीत. फुलं नाहीत तर फणस नाही. आणि वेल राखली, पण देव सापडला नाही, तर धाकूभाऊ फणसाच्या आधी काशीरामांना तोडणार.

शेजारचे नासिरभाय कुंपणाच्या गडग्यावरून बघत होते. ते पंचवीस वर्षं बोटीवर सारंग होते आणि जमिनीवरच्या कुठल्याही संकटाला ते दोरी घेऊनच यायचे.

"काशीरामभाऊ, असं चाचपून काय गावणार नाय," ते म्हणाले. "तळाला गेलेला नांगर शोधतात तसं करायचं. दोरी ताणायची, एकेक पट्टा घ्यायचा, काठीनं ठोकत जायचं. एक पान पडायचं नाय."

दोघांनी फणसापासून गडग्यापर्यंत दोरी ताणली आणि ठोकत निघाले. पहिल्या पट्ट्यात काशीरामांची गणपतीपासून हरवलेली डाव्या पायाची चप्पल मिळाली. दुसऱ्यात नासिरभायंची बकरी बांधायची मेख मिळाली.

"ही तुमच्याकडं कशी?" नासिरभाय म्हणाले.

"मला काय विचारता? बकरी तुमची."

तिसऱ्या पट्ट्यात काठी टक्क वाजली आणि काशीरामांचा जीव भांड्यात पडला. काळा दगड, चिखलाने माखलेला. ते हात जोडतात न जोडतात तोच पलीकडून नासिरभाय म्हणाले, "इथं पण एक हाय." आणि दिवस कलताना बुंध्याच्या मागे तिसरा मिळाला, लांबट, दोन्ही टोकांना गोल. तिन्ही काळे होते. पावसाने शेंदूर असा धुतला होता की कुणाच्याच अंगावर टिपूस नव्हता.

"ह्यातला तुमचा कुठचा?" नासिरभायंनी विचारलं.

साठ वर्षांत आपण देवाकडे एकदाही नीट पाहिलं नाही, याची काशीरामांना त्या क्षणी मनापासून लाज वाटली. "लहान होता असं वाटतं," ते म्हणाले. "पण हा लांबटही ओळखीचा वाटतोय. कुठंतरी बघितलाय."

"मग तिन्ही ठेवा. चुकीचा एक ठेवण्यापेक्षा बरोबरचा तिघांत असलेला बरा."

हा हिशेब काशीरामांना पटला. त्यांनी वेल हलक्या हाताने बाजूला केली, फणसाच्या मुळाशी तिन्ही दगड ओळीने मांडले, लांबट मध्ये ठेवला आणि तिघांनाही भरपूर शेंदूर फासला.

सकाळी धाकूभाऊ आले. सोबत गाऱ्हाणं घालायला गावचा मानकरी, गावकर भागोजी होता. काशीराम दोघांना परसावात घेऊन गेले आणि हात पसरून म्हणाले, "बघ भाऊ. कसं फुललंय."

धाकूभाऊंनी फुलांकडे पाहिलंच नाही. ते फणसाच्या मुळाशी बघत होते. भागोजीच्या हातातला नारळ सुटून वेलीत गेला आणि दिसेनासा झाला.

"काशी," धाकूभाऊ हळू आवाजात म्हणाले, "हे कधी आले?"

काशीरामांनी दोन-तीन थापा तयार ठेवल्या होत्या, पण भावासमोर त्यांच्या तोंडून आजवर थाप निघाली नव्हती. "काल संध्याकाळी वर आले," ते खरं तेच बोलले.

भागोजीने दोन्ही कान धरले. "धाकूदादा, मी तेव्हाच बोललेलो. हलवू नका म्हणून."

"काय हलवू नका?" काशीरामांनी विचारलं.

मग ते बाहेर आलं. देव बसलेलं झाड कुणी तोडत नाही. म्हणून गेल्या वर्षी, काशीराम मासळी बाजारात गेलेले असताना, धाकूभाऊंनी भागोजीला धरून जागेवाला उचलला होता आणि करवंदीच्या जाळीत नेऊन बसवला होता. वर्षाची मुदत नुसती नावाला होती. कुऱ्हाडीची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती.

"एक उचलला," भागोजी म्हणाला, "तर तीन येऊन बसले."

काशीरामांना भावाचा भयंकर राग आला. त्याच वेळी हसूही असं आलं की ते आवरायला त्यांना फणसाकडे तोंड करून उभं राहावं लागलं. धाकूभाऊंना वाटलं, भाऊ रडतोय.

"चुकलं माझं, काशी. फणसाला आता कुणी हात लावायचा नाय. आणि हे हिरवं पण तोडायचं नाय, एक पान नाय. त्यांचं पांघरूण हाय ते. भागोजी, घाल गाऱ्हाणं."

"बा जागेवाल्या म्हाराजा," भागोजी म्हणाला आणि दगडांकडे बघून अडखळला, "आणि सोबत आलेल्या मंडळींनो, लेकरांची चूक पोटात घाला."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. गडग्यापलीकडून नासिरभायही म्हणाले.

धाकूभाऊंनी मधल्या दगडावर डोकं टेकवलं आणि बराच वेळ उचललं नाही. नैवेद्याचं ताट घेऊन आलेल्या सखूवहिनी जागच्या जागी थबकल्या. त्यांनी दिराकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे असं पाहिलं की काशीरामांना दगड कुठे बघितला होता ते एकदम आठवलं. त्यांनी तोंड उघडलं, पण फणसाकडे बघून मिटलं.

संध्याकाळच्या गाडीने धाकूभाऊ गेले, तेव्हा त्या म्हणाल्या, "जूनमध्ये मी फणसाखाली काजूबिया फोडत बसले होते, तेव्हा राहिला असणार. माणसाला लग्नाला पस्तीस वर्षं झाली आणि स्वतःच्या घरातला वरवंटा ओळखता येत नाय."

"कधी हातात धरला असता तर ओळखला असता," काशीराम प्रामाणिकपणे म्हणाले.

"धुऊन घेते मी तो."

"भागोजी रोज दिवा लावायला सांगून गेलाय. तिघांनाही."

"मग चटणी कशावर वाटू?"

काशीराम गुपचूप करवंदीच्या जाळीकडे गेले. खरा जागेवाला तिथे होता, लहानच होता आणि वेल त्याच्या पायापर्यंत पोचली होती. काशीरामांनी एक पिवळं फूल त्याच्यासमोर ठेवलं आणि डोळे भरून आले तसे येऊ दिले.

तेव्हापासून सखूवहिनी रोज तिन्हीसांजेला फणसाखाली दिवा ठेवतात, आपल्या वरवंट्याला हात जोडतात आणि खुर्चीत बसलेल्या नवऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात गाऱ्हाणं घालतात, "बा म्हाराजा, ह्या माणसाला मिक्सर घ्यायची बुद्धी दे."

देवासमोर गप्प बसता येत नाही, त्यामुळे काशीरामांना म्हणावंच लागतं, "व्हय म्हाराजा."