बेरियमच्या रेघा आणि धाऊची शेळी

रसायनशास्त्रात मला कोणी फसवू शकत नाही! हे मी घमेंडीने सांगत नाही. कळंबच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवल्यावर अंगात जी नम्रता येते, तिला स्मरून सांगतो. कर्जतला आमच्या घरी मीठसुद्धा माझ्या परवानगीशिवाय विरघळत नाही, असं आमच्या सौ. सुचेता चारचौघांत म्हणतात. कौतुकानेच म्हणत असाव्यात.

तर गेल्या फेब्रुवारीत भिवाजी आमच्याकडे आला. हा माझा जुना विद्यार्थी. आता कळंबजवळच्या त्याच्या गावात क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. मंडळाच्या कबड्डी स्पर्धेत मुलींचा अंतिम सामना रविवारी दुपारी चारला होता. त्यांचा संघ विरुद्ध लोधिवलीचा. कर्णधार भिवाजीचीच मुलगी, ऋतिका. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला अंतरा मॅडम येणार होत्या, आणि ऋतिकाचं कुमारी गटातलं हे शेवटचं वर्ष. म्हणजे रविवारी निवड झाली तर झाली, नाहीतर पोरीची दहा वर्षांची मेहनत गेली!

"सगळी तयारी झाली सर, अडचन येकच हाय," भिवाजी म्हणाला. "मैदानाच्या रेगा. चुन्याची फक्की मारली का पोरींची कोपरं भाजतात. गेल्या साली एकीच्या डोळ्यात गेला चुना. रांगोळी टाकावी तर वाऱ्यानं उडते. फीत ठोकू का?"

फीत ठोकणं सोपं होतं. पण सोपी गोष्ट सांगायला विज्ञानाचा शिक्षक कशाला लागतो?

"बेरियम सल्फेट!" मी म्हणालो.

"ते काय असतं?"

हा प्रश्न मला विचारू नये. मी उठून उभाच राहिलो. "पांढरीशुभ्र भुकटी. पाण्यात विरघळत नाही, आम्लात विरघळत नाही, भाजत नाही, वास येत नाही. वजनाला पाण्याच्या साडेचारपट, म्हणजे वाऱ्याने हलायचं नाव नको! रंगात घालतात, तेलाच्या विहिरी खोदताना चिखलात कालवतात, आणि पोटाचा एक्स-रे काढताना तर दवाखान्यात माणसाला पाजतात!"

"पाजतात?"

"ग्लासभर! क्ष-किरण त्याच्यातून आरपार जात नाहीत, म्हणून पोटाचा आकार पांढरा उमटतो. आणि मग ते जसंच्या तसं बाहेर पडतं."

भिवाजीने हात जोडले. पटलं म्हणून की मी थांबलो म्हणून, ते कळलं नाही.

माझा दुसरा विद्यार्थी ऋषिकेश खालापूरकडे एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. त्याने मालकाला विचारून फाटलेल्या दोन पिशव्या टेंपोने पाठवून दिल्या. गजा हा त्या गावचा पैलवान, शिवाय स्पर्धेचा समालोचक. इवल्याशा पिशव्या पाहून तो म्हणाला, "ह्याला कशाला दोगं?" आणि एका हाताने एक उचलायला गेला. पिशवी जागची हलली नाही, गजा मात्र तिच्यावर पालथा पडला!

"सर, आत लोखंड भरलंय का?"

"घनता!" मी म्हणालो. मला फार आनंद झाला होता.

रविवारी सकाळी मी छत्री घेऊन मैदानात उभा राहिलो आणि मोजून मापून रेघा मारून घेतल्या. इतक्या पांढऱ्या रेघा त्या मातीवर कधी पडल्या नव्हत्या! तिथेच मी घरी जायला हवं होतं. पण मनुष्यस्वभाव! मी एक चिठ्ठी लिहिली आणि गजाच्या हातात दिली. 'आजच्या रेघा बेरियम सल्फेटच्या आहेत. संकल्पना व मार्गदर्शन : श्री. गोपाळकृष्ण सर.' सामन्याआधी एकदा वाच म्हटलं. जमलं तर दोनदा.

पावणेचारला दोन्ही संघ मैदानाच्या कडेला अंग मोकळं करत होते. अंतरा मॅडम वही घेऊन खुर्चीवर बसल्या. "मला सहाला निघावंच लागेल, नेरळला दुसरा सामना आहे," असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं. गजाने चिठ्ठी वाचली. टाळ्या पडल्या. मी मान लववली. सुचेता मुद्दाम माझं कौतुक बघायला आली होती, तिच्याकडेही हळूच पाहून घेतलं.

पण गजाला तेवढ्यावर राहवेना. "तर कबड्डीप्रेमींनो, ह्या बेरियमची अधिक माहिती आपण घेऊ," म्हणत त्याने खिशातून मोबाइल काढला आणि माइकवरून वाचायला लागला. "बेरियम... हा एक धातू... याची अनेक संयुगे विषारी असून... उंदीर मारण्यासाठी..."

मैदानात शांतता पसरली. कर्णे चार दिशांना लावले होते, त्यामुळे शेजारच्या गावातसुद्धा पसरली असणार.

"ते कार्बोनेट!" मी ओरडलो. "ते पोटातल्या आम्लात विरघळतं, म्हणून विषारी! हे सल्फेट! हे विरघळतच नाही!" पण माइक गजाकडे होता. आणि माझा सगळा जन्म फळ्याकडे तोंड करून बोलण्यात गेलेला. ऐकलं फक्त पहिल्या रांगेने, तेही निम्मं.

ऋतिकाची आई, इंदूबाई, पदर खोचून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "काय वो सर, माजी पोर उंदीर वाटली का तुमाला?"

"अहो वहिनी, हे सल्फेट आहे."

"त्या रेगंवर लोळनार हाय ती! तोंडात जानार तिच्या!"

एवढ्यात मागून म्हातारा धाऊ पुढे आला. "माज्या शेळीनं सकाळीच चाटलीय रं ती रेग!"

सगळ्या माना वळल्या. करंजाच्या झाडाखाली धाऊची शेळी डोळे मिटून पडली होती.

"दुपारच्या वेळी शेळ्या बसतातच," मी म्हणालो.

"ही बसत नाय," धाऊ म्हणाला. "ही लई चळवळी हाय."

मग भिवाजीने अध्यक्ष या नात्याने निर्णय दिला. शेळी उठली तर सामना, नाही उठली तर रद्द! दोन गावांची माणसं, दोन संघ, पंच आणि निवड करणाऱ्या मॅडम, सगळे एका शेळीकडे बघत उभे राहिले. गजाने समालोचन चालू ठेवलं.

"शेळीनं कान हलवला हाय! कबड्डीप्रेमींनो, कान हलवला हाय! डावा!"

साडेचार वाजले. मॅडमनी घड्याळ बघितलं, मग वही मिटली. ऋतिका माझ्याजवळ आली. ही पोरगी शाळेत पहिल्या बाकावर बसायची आणि मी खोकलो तरी वहीत लिहून घ्यायची. ती रडकुंडीला आली होती. "सर, कायतरी करा ना."

खरं सांगतो, मला तिच्याकडे बघवेना. पोरीचं नुकसान माझ्या त्या दोन ओळींच्या चिठ्ठीने होत होतं. त्या भरात मी म्हणालो, "ताक आणा!"

पिशवीत उरलेल्या भुकटीचे तीन चमचे मी ताकात टाकले. ती सरळ तळाशी जाऊन बसली. ढवळली, पुन्हा बसली. शेवटी ढवळता ढवळताच ग्लास तोंडाला लावला. चव खडूची होती. आयुष्यभर खडू खाल्लेल्या माणसाला त्याचं काय!

"सर प्याले!" गजा गरजला. "पूर्न ग्लास!"

"बघा!" मी तोंड पुसलं. "आता करा सामना सुरू."

"थांबा वाईच," इंदूबाई म्हणाली.

"कशासाठी?"

ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिली. आता निम्मा गाव शेळीकडे बघत होता आणि निम्मा माझ्याकडे.

नेमका तेव्हाच ऋषिकेशचा फोन आला. "सर, रेघा कशा झाल्या?"

"अप्रतिम! लोकांना शंका होती, तर मी स्वतः पिऊन दाखवलं."



"सर... तो रंगासाठीचा माल आहे. दवाखान्यातला वेगळा, तो शुद्ध केलेला असतो. पिशवीच्या मागच्या बाजूला लिहिलंय की."

"काय लिहिलंय?"

"पोटात घेऊ नये."

बाटलीवरची चिठ्ठी वाचल्याशिवाय हात लावायचा नाही, हे मी दर जूनमध्ये पोरांकडून दहा वेळा लिहून घेत असे! माझ्या कपाळावर दरदरून घाम आला.

"घाम!" इंदूबाई किंचाळली.

"सरांना घाम फुटला हाय! कबड्डीप्रेमींनो, घाम!"

त्याच क्षणी शेळी उठली. तिने अंग झाडलं, चालत मधल्या रेघेपाशी गेली आणि ती पुन्हा चाटू लागली. पण तिच्याकडे एक माणूस बघत असेल तर शपथ! चौघांनी मला उचलून टेंपोत घातलं. सुचेता माझ्याशेजारी बसली. कर्जतच्या दवाखान्याच्या दारात तिने विचारलं, "चष्मा खिशातच होता ना?"

डॉक्टर ईशानी तिशीतल्या. त्यांनी एक्स-रे काढून दिव्यासमोर धरला. माझं पोट त्यात इतकं लख्ख दिसत होतं की बघतच राहावं!

"काका, बेरियम कोणत्या डॉक्टरांनी दिलं?"

"मीच घेतलं."

"तुम्ही डॉक्टर?"

"शिक्षक."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय, ते मला दाखवलं नाही. ऋषिकेशने त्या मालाच्या तपासणीचा कागद मोबाइलवर पाठवला, रक्त तपासून झालं, आणि दोन तासांनी डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "तुमचं नशीब. विरघळणारं काही त्यात नव्हतं. आता पाणी प्या, भरपूर. नाहीतर ते आत सुकून घट्ट बसेल. ते विरघळत नाही ना."

"मला माहीत आहे," मी म्हणालो. आपल्याला माहीत आहे याचं इतकं वाईट मला आधी कधी वाटलं नव्हतं. पुढच्या चार दिवसांचं वर्णन मी करणार नाही. माझ्या लेखनात आजवर सभ्यता राहिली आहे.

पुढच्या रविवारी मंडळाने सत्काराला बोलावलं. ऋतिकाची जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती! त्या दिवशी आमचा टेंपो वळणावर दिसेनासा झाला, तशा इंदूबाई आणि गावातल्या बाया खराटे घेऊन मैदानात उतरल्या म्हणे. माझ्या रेघा दहा मिनिटांत साफ! धाऊने चुलीतली राख आणली, पाणी शिंपडलेल्या मातीवर राखेच्या रेघा ओढल्या, आणि पाचला सामना सुरू झाला. शेवटच्या चढाईत ऋतिकाने एकदम तिघींना बाद केलं. पावणेसहाला मॅडमनी तिचं नाव वहीत लिहिलं.

मला स्टेजवर कडेची खुर्ची होती. पाण्याची बाटली मी घरूनच नेली होती. भिवाजी आभार मानायला उभा राहिला. राखेबद्दल धाऊला नारळ. बायांना एकेक फूल. शेळीला हार घातला, तो तिने जागेवरच खाल्ला.

"आन् सगळ्यात मोठे आभार," भिवाजी म्हणाला, "आपल्या सरांचे!"

मी अंगावरची शाल सारखी केली. काही झालं तरी जुना विद्यार्थी! गुरूचं मोल त्याला कळणारच.

"सर टायमावर दवाखान्यात गेले, म्हनून आपला सामना झाला!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट! ऋतिका तर हसून हसून डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. अख्ख्या नोकरीत माझ्या नावाला एवढ्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. मीही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला!