धोंड्याचा उघडा फोन

सोमनाथ एकदा बोलला की बोलला! नंतर ते निस्तरायचं काम त्याच्या बायकोकडे, मोनिकाकडे असतं, ही गोष्ट वेगळी.

यंदा अधिक महिन्यात तसंच झालं. सिल्लोडजवळ सासुरवाडीला धोंड्याचं जेवण होतं. पुरणाचे धोंडे तुपात बुडवून हाणून झाल्यावर सासऱ्यांनी, तात्यासाहेबांनी, जावयापुढे वाणाचं ताट ठेवलं. ताटात अनारसे, चांदीचा दिवा आणि दिव्याशेजारी नवाकोरा स्मार्टफोन! मागची काच मोरपिशी, आणि अशी लखलखीत की सोमनाथला तिच्यात स्वतःच्या मिशीला लागलेलं तूप दिसलं.

अख्खी भावकी बघत होती. त्यातला मोनिकाचा चुलतभाऊ सांडू सहज म्हणाला, "दाजी, आता आधी ह्याला कव्हर घाला बरं का."

झालं! सोमनाथ ताटावरून उठून उभाच राहिला.

"कव्हर? मामांनी एवढ्या मायेनं दिलेली वस्तू मी प्लास्टिकमध्ये कोंबू? नाय जमणार! हा फोन उघडाच राहील. लोकांना दिसलं पाहिजे, सासऱ्यानं काय दिलंय ते!"

सासूबाईंनी, आवडाबाईंनी, डोळ्यांना पदर लावला. भावकीनं माना डोलावल्या. मोनिकानं तेवढा कपाळाला हात लावला.

शहरात गारखेड्याला घरी परत आल्यावर सोमनाथला कळलं, की आपण काय बोलून बसलोय. फोन गुळगुळीत म्हणजे किती? टेबलावर ठेवला तर आपोआप कडेकडे निघायचा! सोमनाथ तो दोन्ही हातांनी धरायचा, काठोकाठ तेलाची वाटी न्यावी तसा. कंपनीत जाताना रुमालात गुंडाळून, वर पायमोजा चढवून डब्याच्या पिशवीत ठेवायचा. वाटेत रिंग वाजली की गाडी बाजूला घे, पिशवी सोड, पायमोजा काढ, रुमाल सोड. तोवर रिंग बंद!

"मग उघडा कशाला ठेवलाय?" मोनिकानं विचारलं. "पायमोजात कोणाला दिसतंय माझ्या बापानं काय दिलंय ते?"

"तुला नाय कळायचं. शब्द दिलाय."

चौथ्या दिवशी जिन्यात फोन निसटला. सोमनाथनं झेप घेऊन तो झेलला खरा, पण त्यासाठी हातातला डबा सोडून द्यावा लागला. भेंडीची भाजी खालच्या मजल्यापर्यंत गेली. त्या संध्याकाळी तो कोणाला न सांगता पैठण गेटच्या बाजारात गेला आणि दुकानातलं सगळ्यात दणकट कव्हर घेऊन आला. लावून देताना दुकानदारानं बजावलं होतं, "भाई, एकदम टाइट है. घडी घडी निकालने का नै!"

"कशाला काढतोय मी?" सोमनाथ म्हणाला. सिल्लोडहून इथं कोण बघायला येतंय!

रविवारी सकाळी दारात तात्यासाहेब उभे. "मोंढ्यात धान्याचं काम व्हतं. म्हणलं लेकीला भेटून जावं." चपला काढता काढता त्यांनी विचारलं, "जावईबापू, फोन कसाय?"

सोमनाथनं पटकन खिशावर हात दाबला. फोन विजारीच्या खिशात होता, कव्हरासकट! फोन फुटला तर दुसरा घेता येतो हो, पण भावकीसमोर दिलेला शब्द चार दिवसांत मोडला हे कळलं तर सासुरवाडीत कोणत्या तोंडानं जायचं?

"मस्त हाय, मामा! आलोच!" म्हणत तो न्हाणीघरात शिरला आणि आतून कडी घातली.

कव्हर काही निघेना! त्यानं नखं लावली, दात लावले, शेवटी गुडघ्यात धरून ओढलं. बाहेर तात्यासाहेबांचा चहा संपला.

"जावईबापूचं पोट बिघडलंय का गं?" त्यांनी लेकीला विचारलं.

मोनिकाला सगळं माहीत होतं. पण नवऱ्याचा शब्द आणि नवऱ्याचं पोट यांपैकी एकच वाचवता येणार होतं. "व्हय तात्या, रात्रीपासनं."

"ओवा दे त्यांना!"

ओवा घेऊन मोनिका दाराशी गेली. कडी हळूच निघाली, आतून हात आला आणि कुजबुज ऐकू आली, "ओवा नको, खोबरेल दे!"

तेल लावल्याबरोबर कव्हर निघालं. नुसतं निघालं नाही, त्यानं फोनला फेकूनच दिलं! फोन उडाला, भिंतीवरच्या नळावर खाड्‌कन आपटला आणि तिथून गेला थेट निळ्या ड्रममध्ये. काठोकाठ भरलेल्या! नळाला पाणी आता थेट शुक्रवारी येणार होतं.

सोमनाथनं खांद्यापर्यंत हात घातला. तळ लागेना. त्यानं ड्रम कलता केला. पाण्याचा धो धो आवाज ऐकून बाहेर तात्यासाहेब ताडकन उठले.

"अगं पोरी, हे ओव्याचं काम नाय! दवाखान्यात न्यावं लागतंय!"

आणि मोनिका? बापाला आवरायचं सोडून ती दारावर थाप मारत ओरडली, "अहो, सांडू नका! शुक्रवारपर्यंत पुरवायचंय ते!"

तात्यासाहेबांना आपल्या लेकीच्या ह्या बोलण्याचा काय अर्थ लागला असेल, कोण जाणे. त्यांनी तिला बाजूला सारून दाराला खांदा दिला. कडी जुनी होती. दार उघडलं.

आत ड्रम आडवा आणि सोमनाथ चिंब. एका हातात पाणी गळणारा फोन, काचेवर सगळीकडे तडे. दुसऱ्या हातात तेलकट कव्हर. लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

"मामा, चुकलो," तो खाली मान घालून म्हणाला. "चारच दिवस उघडा ठेवला. मग भ्यालो."

तात्यासाहेबांनी त्या कव्हराकडे बघितलं. मग त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक पुडी काढली. तिच्यात एक कव्हर होतं. अगदी तसंच, तेवढंच दणकट.

"फोनसंगच घेतलं व्हतं," ते चाचरत म्हणाले. "दिव्यापाशी ठिवणारच व्हतो, तवर तुम्ही उठून बोलले. एवढ्या भावकीत जावयाचा शब्द कसा खाली पाडू? मला तवापासनं झोप नाय हो! आज म्हणलं, मोंढ्याचं निमित्त करावं आन् गुपचूप द्यावं."

सोमनाथला लाजही वाटली आणि त्या म्हाताऱ्या माणसाबद्दल मायाही दाटून आली. सासरा आणि जावई एकेक कव्हर हातात धरून ओल्या फरशीवर नुसते उभे राहिले.

मोनिकानं दोघांच्या हातांतली कव्हरं काढून घेतली, पदरानं पुसली आणि फडताळात ठेवून दिली.

"दोन झाली," ती म्हणाली. "आता ह्यात घालायला एक फोन बघा."