वाटेची वाट

"अगं बाई! वाट कुठे गेली?"

मंजुळाकाकू डोंबिवलीला लेकीकडे चार दिवस राहून त्या सकाळीच वर्तकनगरला परतल्या होत्या. हातातली पिशवी खाली न ठेवताच त्या सोसायटीच्या मागच्या गेटात थबकल्या. समोर हिरवंगार लॉन पसरलं होतं. गेटापासून उंबरापर्यंत आणि उंबरापासून जुन्या विहिरीपर्यंत जाणारी मातीची पायवाट पार नाहीशी झाली होती.

इथे चाळ होती, घरात नळ नव्हते, तेव्हा सगळ्या बायका त्याच वाटेने पाण्याला जायच्या. उंबराखाली हंडे टेकवून सासवांविषयी बोलायच्या. पुढे चाळीची सोसायटी झाली, विहिरीवर जाळी बसली, त्या बायका स्वतःच सासवा झाल्या. वाट मात्र राहिली, कारण काकू रोज संध्याकाळी तिच्यावरून उंबरापर्यंत जाऊन यायच्या.

"कसं दिसतंय, काकू?" सेक्रेटरी त्र्यंबक हसत पुढे आला. "आज अनुदानवाल्या मॅडम येणार ना, म्हणून कालच टाकून घेतलं."

त्र्यंबकचा जन्म वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात सुपरवायझरकी करण्यात गेला होता. वरून कोणी येणार म्हटलं की आधी झाडू, मग चुना आणि शेवटी कुंड्या, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं.

"मॅडम काय बघायला येणार आहेत, त्र्यंबक?"

"पायवाट. जुन्या वापरातल्या वाटा आणि त्यांच्या कडेची झाडं राखायला सरकार अनुदान देतंय, म्हणून तर..." त्र्यंबक बोलता बोलता थांबला. त्याने लॉनकडे पाहिलं. "अहो, पण ते टक्कल बरं दिसत होतं का?"

"वाटेची वाट लावलीस, मेल्या!"

काकूंचा जीव उंबरात अडकला होता. अनुदान आलं नाही तर मागे पार्किंग करायचं आणि उंबर तोडायचा, असं सभेत ठरलेलं होतं. दुसरी गाडी घेऊन बसलेला पहिल्या मजल्यावरचा प्रशांत त्या दिवसाची वाटच बघत होता.

"उचल ते लॉन."

"खाली रोलर फिरवलाय, काकू. दोनदा."

इतक्यात त्र्यंबकचा फोन वाजला. मॅडम माजिवड्याला अडकल्या होत्या. गाड्या हलत नव्हत्या, यायला उशीर होईल म्हणाल्या. माजिवड्याच्या ट्रॅफिकला त्र्यंबकने आयुष्यात पहिल्यांदा हात जोडले.

"आता बघत काय बसलायस? चाल!" काकूंनी पदर खोचला. "वाट काय विकत आणतात? ती चालूनच होते."

बागेतून परतणारा हास्यक्लब गेटातच पकडला गेला. सगळे रांगेने लॉनवर चालू लागले. पण उंबरापाशी रांग फुटली. वाट झाडाच्या डावीकडून होती की उजवीकडून, यावर दोन तट पडले आणि दोन्ही तट आपापल्या बाजूने चालू लागले. पाय उचलला की गवत पुन्हा ताठ उभं राहायचं. मग सगळे पाय आपटत चालू लागले. त्र्यंबकने लॉनवर पहाटेपासून पाण्याचा पाइप सोडून ठेवला होता, हे एक आजोबा घसरून बसले तेव्हा कळलं.

वरून प्रशांत ओरडला, "काका, मस्त चिखल झालाय! पार्किंगचा पाया खणायला सोपं पडेल!"

"तोंड चालवण्यापेक्षा खाली येऊन पाय चालव!" काकू म्हणाल्या.

मॅडम आल्या तेव्हा हास्यक्लबात कोणी हसत नव्हतं. अंतरा मॅडम तरुण होत्या. त्यांनी त्या चिखलाकडे पाहिलं आणि विचारलं, "इथे कबड्डीचे सामने होतात का?"

"नाही... म्हणजे... वाट..." त्र्यंबकला घाम फुटला. आणि जीव कासावीस झाला की तो जे नेहमी करायचा तेच त्याने केलं. तो कुंपणाच्या भिंतीकडे गेला आणि मागे हात बांधून येरझाऱ्या घालू लागला. पंपापासून गेटापर्यंत, गेटापासून पंपापर्यंत.

मॅडमची नजर त्याच्या पायांबरोबर फिरू लागली. भिंतीच्या कडेला लॉन पोचलं नव्हतं. तिथे गवताची काडीही नसलेली, घट्ट दबलेली मातीची चिंचोळी पट्टी होती.

"अहो, ही काय इथे वाट!"

"ही वाट नाही हो, मॅडम. इथे मी नुसता वाट बघतो."

"कसली?"

"टँकरची. लिफ्टवाल्याची. कचऱ्याच्या गाडीची."

"रोज?"

"रोज म्हणजे?" प्रशांत बाल्कनीतून तावातावाने म्हणाला. "मॅडम, तुम्ही लिहूनच घ्या! वर्षानुवर्षं भल्या पहाटे यांच्या चपला फटाक फटाक! एक दिवस खाडा नाही! पावसात छत्री घेऊन येतात!"

"म्हणजे वाट जुनी आहे आणि रोजच्या वापरातली आहे," मॅडम म्हणाल्या. "साक्षीदारही आहे."

काय बोलून बसलो ते प्रशांतला कळेपर्यंत मॅडमनी फोटो काढलेसुद्धा.

अनुदान मिळालं. मागची सगळी जागा राखीव झाली, उंबर वाचला. अट एकच होती: वाट रोजच्या वापरात राहिली पाहिजे.

पण पुढे नळाला पाणी चांगलं येऊ लागलं, लिफ्टही नवी बसली. त्र्यंबकला आता कसलीच चिंता उरली नव्हती आणि पहाटेची झोप लागू लागली होती. तेव्हापासून काकू रोज त्याची बेल वाजवतात.

"ऊठ, त्र्यंबक. चल, काळजी कर."

मग दोघं बरोबर चालतात. काकू भिंतीच्या बाजूने असतात आणि बोलता बोलता त्याला कोपराने हळूच रेटत राहतात. वाट भिंत सोडून उंबराकडे थोडी थोडी वळू लागली आहे. त्र्यंबकच्या अजून ते लक्षात आलेलं नाही.